घर बदललं आणि भांडणं थांबली

प्रश्न : मे महिन्यात आम्ही नागपुरातल्या महाल भागातल्या सासरच्या वाड्यातून बेसा रोडवरच्या फ्लॅटमध्ये राहायला आलो. आमची ताई आठ वर्षांची, तिसरीत आहे. बाबू चारचा, यंदा केजी वनला. वाड्यात आजी-आजोबा, काका-काकू आणि तीन चुलत भावंडं होती. तिथे ही दोघं दिवसातून दहादा भांडायची. इथे येऊन दोन महिने झाले, एकही भांडण नाही. नव्या फ्रिजचा खोका हॉलमध्ये पडला आहे, त्यावर ताईने मोठ्या अक्षरात 'महाल' लिहिलंय. दोघं तासन्‌तास त्यात बसतात, आम्हाला आत घेत नाहीत. ती त्याला भरवते, रात्री उठून त्याचं पांघरूण बघते, तो ओरडला तर त्याच्या तोंडावर हात ठेवते. खाली खेळायला मात्र जात नाही. सगळे म्हणतात, किती गुणाची पोरगी. माझ्या मनाला मात्र काहीतरी टोचत राहतं. मी उगाच काळजी करते आहे का?

उत्तर :

उगाच नाही. पण घाबरून जावं असंही काही नाही. तुमच्या आजूबाजूला सगळे कौतुकच करत असताना तुम्हाला हे टोचलं, म्हणजे तुमचं मुलांकडे नीट लक्ष आहे. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा एकाच वाक्यापाशी थांबले. तोंडावर हात ठेवण्याचं ते वाक्य तुम्ही पांघरुणाच्या ओघात लिहून गेलात. त्याच्याकडे येतेच, पण आधी खोक्याबद्दल बोलू.

खोका टाकू नका. झाडताना अडचण होईल, पाहुणे आले की लाज वाटेल, पावसाळ्यात पुठ्ठा मऊ पडेल, तरी मुलं स्वतःहून सोडेपर्यंत तो राहू द्या. घर बदललं की मोठी माणसं नवं घर लावायच्या मागे असतात. जुनं घर मनात लावून ठेवायचं काम मुलं करतात, आणि ते एकट्याने होत नाही. काही वर्षांपूर्वी इतवारीतून हिंगण्याकडे राहायला गेलेले दोन भाऊ माझ्याकडे समुपदेशनासाठी यायचे, एक नऊचा, एक पाचचा. एकदा मी त्यांना जुनं घर काढायला सांगितलं. मोठ्याने जिना काढला आणि जिन्याखालचा अंधार काळ्या खडूने घासून घासून भरला. धाकटा बोट ठेवून म्हणाला, "इथं पाल होती." मोठ्याने मान वर न करता सांगितलं, "दोन होत्या. एक तुटक्या शेपटीची." धाकट्याने त्याच्या हातातून खडू घेतला आणि दुसरी पाल काढली, शेपटी न काढता. त्यांची आई मला सांगायची की इतवारीत असताना हे दोघं एकमेकांशी धड बोलतसुद्धा नसत. खरंच असेल ते. तिथे बोलायची गरजच काय होती? पाल तर भिंतीवर होती.

तुमच्या खोक्यात हेच चाललं आहे. वाड्यातलं अंगण, काकांची हाक, दुपारचा कूलर, हे सगळं ज्याला सांगावं लागत नाही असं त्या फ्लॅटमध्ये ताईला एकच माणूस आहे, आणि तो चार वर्षांचा आहे. त्याच्या बाजूने बघितलं तर तिचं मोल आणखी मोठं आहे. आपल्यापैकी बहुतेकांना तीन-साडेतीन वर्षांच्या आधीचं काहीच आठवत नाही, आणि चौथ्या-पाचव्या वर्षातलं जे राहतं ते बरंचसं कुणीतरी पुन्हा पुन्हा बोलत राहिल्यामुळे राहतं. बाबू मोठा होईल तेव्हा त्याच्याजवळ महालचं जे काही उरलेलं असेल, त्यातलं पुष्कळसं ताईने जपलेलं असेल. तुम्हाला त्या खोक्यात प्रवेश नाही याचं वाईट वाटून घेऊ नका. बाहेरून विचारा, "महालात काय चाललंय आज?" सांगितलं तर ऐका, नाही सांगितलं तर कामाला लागा.

जवळीक एवढ्या लवकर वाढली याला आपला उन्हाळाही कारण आहे. विदर्भातल्या शाळा बाकी महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपताना उघडतात, म्हणून इथली कुटुंबं घर बदलायला मे महिनाच धरतात. पण तेव्हा पारा ४५ अंशांपर्यंत गेलेला असतो. सकाळी दहानंतर पोरांना बाहेर सोडता येत नाही. म्हणजे वाड्यात पाच पोरांच्या घोळक्यात वाढलेली ही दोघं एकदम एका फ्लॅटमध्ये, बंद दारामागे, दीड महिना एकमेकांसमोर होती. वाड्यात त्यांना निवड होती, इथे नव्हती. अशी जवळीक खोटी नसते. नाइलाजाने सुरू झालेली मैत्री आयुष्यभर टिकलेली मी भरपूर बघितली आहे.

आणि ती मुलांना खरोखर सावरते. ब्रिटिश मानसोपचारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी आईपासून काही काळ दूर राहावं लागलेल्या लहान मुलांबद्दलची निरीक्षणं एकत्र मांडली होती. सोबत ओळखीचं कुणी असलं, अगदी सांभाळण्याच्या वयाचंही नसलेलं भावंड असलं, तरी मुलाची घालमेल कमी होते, असं त्यात दिसलं. बाबूने नवी शाळा, नवी खोली, नवी माणसं एवढी शांतपणे घेतली यात ताईचा वाटा मोठा आहे. हे तिला एकदा सांगाही. मात्र एकदाच. रोज सांगितलं की त्याची ड्यूटी होते.

आता ते वाक्य.

आठ वर्षांची मुलगी चार वर्षांच्या भावाच्या तोंडावर हात का ठेवते? खेळात असेल, तर तुम्ही ते लिहिलं नसतं. आई करते तसं करत असेल, तर तुम्ही तसं करता का ते तुम्हालाच माहीत. पण दिवसातून दहादा भांडणारी दोन मुलं घर बदलल्याच्या दिवसापासून अजिबात भांडत नाहीत आणि मोठी धाकट्याचा आवाज दाबते, या दोन गोष्टी शेजारी शेजारी आल्या की मला एक शंका येतेच. आपल्या आवाजामुळे आपलं घर गेलं, असं तिला वाटत असावं.

तुम्हाला हे अतिरेकी वाटेल. पण या वयात मुलं जगातल्या मोठ्या घटनांचं कारण स्वतःत शोधतात. विमानतळाजवळच्या मिहान उद्योगक्षेत्रात नोकरी लागली म्हणून सक्करदऱ्यातलं राहतं घर सोडून तिकडे गेलेलं एक कुटुंब आठवतं. नऊ वर्षांची मुलगी शाळेत बोलेनाशी झाली म्हणून आणली होती. तिसऱ्या भेटीत, बाहुलीचे केस विंचरता विंचरता, ती म्हणाली, "आम्ही गच्चीवर धडधड पळत होतो. खाली आजोबांना बीपी होता. म्हणून आम्हाला काढलं." आई-वडील बाजूला बसले होते. वडिलांच्या हातातला मोबाइल खाली पडला. नोकरीचं कारण त्यांनी मुलीला कधी सांगितलंच नव्हतं, कारण एवढ्या लहान मुलीला नोकरीचं काय सांगायचं, असं त्यांना वाटलं होतं. आपण कारण दिलं नाही की मुलं ते स्वतः तयार करतात, आणि त्या कारणात दोषी बहुतेक वेळा तीच असतात.

तुम्ही वाडा का सोडला हे पत्रात नाही, आणि मला ते कळायची गरज नाही. जागा पुरत नसेल, ऑफिस लांब पडत असेल, किंवा मोठ्या माणसांत काही बिनसलं असेल. एकत्र घरातून बाहेर पडताना थोडीफार कटुता बऱ्याच घरांत येते. बिनसलं असेल तर मुलांनी त्याचे आवाज ऐकले आहेत, दाराआडून का होईना, एवढं धरून चाला. काका-काकूंची बाजू, तुमची बाजू, पैसे, वाटणी यातलं काही मुलांपर्यंत नेऊ नका. त्यांना एवढंच हवं आहे :

"वाडा सोडायचं आम्ही ठरवलं, आई-बाबांनी. तुम्ही भांडत होते म्हणून नाही, ओरडत होते म्हणून नाही. इथं कितीही भांडले तरी आपण इथंच राहणार आहो. आणि आजी-आजोबा आपलेच आहेत."

समोर बसवून, डोळ्यांत डोळे घालून सांगू नका. तसं केलं की मुलांना वाटतं, आता काहीतरी भयंकर येणार. ओट्यापाशी बरबटीच्या शेंगा मोडताना, गाडीवरून शाळेत सोडताना, वेणी घालताना सांगा. तुम्ही सांगितल्यावर दोन-चार दिवसांनी त्यांच्या बाबांनीही आपल्या शब्दांत सांगावं. आईने समजूत काढली असं मुलांना वाटू शकतं, दोघांनी वेगवेगळं सांगितलं की ते खरं वाटतं. ती काही बोलणार नाही. कदाचित "मला माहीतच होतं" म्हणेल. चालेल.

नंतर एक दिवस भांडण होईल. खूप मोठं, कंपास किंवा रिमोटवरून, बाबू चावेल, ती त्याला ढकलेल, दोघं गळा काढून रडतील. त्या भांडणाची मी तुमच्यासाठी वाट बघते आहे. मुलं जिथे पाय रोवून उभी असतात तिथेच भांडतात. तेव्हा कुणाला इजा होऊ देऊ नका, बाकी न्यायाधीश होऊ नका, आणि "शेजारी काय म्हणतील" हे शब्द तोंडातून काढू नका. फ्लॅटमध्ये राहायला गेल्यावर हे वाक्य आपल्या सगळ्यांच्याच तोंडी येतं. तुमच्या मुलीला मात्र ते थेट जाऊन लागेल.

दुसरी गोष्ट तिच्या नावाची. तुमच्या पूर्ण पत्रात ती 'ताई' आहे. बहुधा घरातही सगळे तिला ताईच म्हणता. बाबू बोलायला लागला तेव्हा त्याला वळण लागावं म्हणून सुरू झालं असेल, आपल्याकडे घरोघरी असंच होतं. वाड्यात ते खपून गेलं, कारण तिथे तिच्याहून मोठं कुणी असेल, तिथे ती कुणाची तरी धाकटीही असेल. फ्लॅटमध्ये ती चोवीस तास फक्त ताई आहे. आजपासून तुम्ही दोघांनी तिला तिच्या नावाने हाक मारा. ताई तिला फक्त बाबू म्हणेल. ही हाक त्या दोघांच्या नात्यातली आहे, तिच्यावर घरातल्या बाकीच्यांचा हक्क नाही. एवढ्याशा बदलाने काय होणार, असं वाटेल. माझ्याकडे येणाऱ्या आई-बाबांना मी सगळ्यात आधी हेच करायला लावते, आणि पंधरा दिवसांत पोरीची चाल बदललेली दिसते.

मी स्वतः दहाची असताना आम्ही गोंदियाहून अजनीच्या रेल्वे क्वार्टरमध्ये आलो. भाऊ पाचचा. त्या वर्षी आई आजारी होती. त्याच्या बुटाच्या नाड्या बांधणं, डबा भरणं, शाळेतून त्याला घेऊन येणं, सगळं माझ्याकडे आलं, आणि मी ते अभिमानाने केलं. आजही तो काही मोठं ठरवायच्या आधी मला फोन करतो, आणि तो फोन मला फार मोलाचा आहे. पण अजनीच्या पहिल्या वर्षातली एकही मैत्रीण मला आठवत नाही. नाव नाही, चेहरा नाही. त्यात आईचा दोष नव्हता. तुमच्या मुलीचं ते वर्ष आत्ता चालू आहे, आणि तुमची तब्येत ठीक आहे, म्हणून लिहिते.

तर तिच्याकडून काय काढून घ्यायचं? साथ नाही, जिम्मेदारी. खोक्यात बसणं, गोष्टी सांगणं, एका उशीवर डोकं ठेवून झोपणं, सगळं राहू द्या. भरवणं मात्र थांबवा. चार वर्षांचा मुलगा हाताने जेवू शकतो, सांडेल, सांडू द्या. रात्रीचं पांघरूण तुमच्याकडे घ्या. तिला झोपताना सांगा, "रात्री बाबूला मी बघते, तू झोप", आणि खरंच बघा. पहिले काही दिवस ती उठून तपासेल की तुम्ही उठता का. ती उठायच्या आत तुम्ही तिथे दिसलात की चार-आठ दिवसांत तिची झोप लागायला लागेल.

इथे एक जुना प्रयोग सांगण्यासारखा आहे. १९८३ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात अमेरिकेतल्या रॉबर्ट स्टुअर्ट यांनी तान्ही बाळं आणि त्यांची प्री-स्कूलच्या वयाची दादा-ताई मंडळी यांना एका खोलीत ठेवून आईला थोडा वेळ बाहेर जायला सांगितलं. बाळ रडायला लागल्यावर साधारण निम्म्या मोठ्या भावंडांनी त्याला जवळ घेऊन समजावलं. हे वाचून लोक त्या निम्म्या मुलांचं कौतुक करतात. मला उरलेली निम्मी दिसतात. आई बाहेर गेल्याचं त्यांनाही कळलंच असेल. तुमची मुलगी पहिल्या गटातली आहे हे तिने दाखवून दिलंय. पण समजावणाऱ्या मुलालाही आई लागतेच, फक्त ते मागत नाही.

बोलण्यातही थोडी काळजी घ्या. इंग्लंडमध्ये केम्ब्रिजच्या ४० कुटुंबांत, दुसरं बाळ येण्याच्या सुमारास, ज्यूडी डन आणि कॅरल केंड्रिक यांनी घरी जाऊन निरीक्षणं केली होती. ज्या आया मोठ्या मुलाशी बाळाबद्दल एक माणूस म्हणून बोलत, त्याला काय हवं असेल, काय वाटत असेल असं विचारत, त्या घरांतली भावंडं पुढेही एकमेकांशी जास्त प्रेमाने वागली. "बाबूकडे लक्ष ठेव" आणि "बाबू आज गप्प काहून आहे, तुला काय वाटतं?" या दोन वाक्यांत हाच फरक आहे. पहिल्यात ती कामवाली, दुसऱ्यात बहीण. आजी फोनवर "बाबूला सांभाळ बरं" म्हणत असतील, सगळ्याच आज्या म्हणतात. त्यांना हे तुम्ही सांगू नका, तुमच्या नवऱ्याला सांगू द्या, आणि पर्यायही सुचवू द्या : "आज काय काय करून राहिले दोघं?" आजींना नातवंडांशी बोलायचंच असतं, दुसरं वाक्य मिळालं की त्या ते वापरतील.

खाली खेळायला न जाण्याबद्दल. "जा ना खाली, किती मुलं आहेत" म्हणून ती जाणार नाही, कारण बाबू वर आहे. आठवड्यातून दोन-तीनदा त्याला बाबांबरोबर किंवा तुमच्याबरोबर कुठेतरी पाठवा आणि त्या वेळात तिला खाली न्या. सोसायटीतल्या तिच्या वयाच्या एखाद्या मुलीला घरी बोलवा. एकच, चार नाहीत. आणि महिन्यातून एकदा तिला एकटीला महालात घेऊन जा. उज्ज्वलनगरहून मेट्रो, सीताबर्डीला ॲक्वा लाइन, चितारओळीला उतरून पुढे पायी. सध्या तिथे गणपतींची कामं सुरू असतील, ओल्या मातीचा वास असतो, थांबून बघू द्या. बाबू बरोबर असला तर पूर्ण रस्ता ती त्याचा हात धरून प्लॅटफॉर्मच्या पिवळ्या रेषेकडे बघत राहील. एकटी असली तर कदाचित त्या प्रवासात ती तुम्हाला वाड्याबद्दल काहीतरी विचारेल. माझ्या अनुभवात खरा प्रश्न परतीच्या वाटेवर येतो, जाताना नाही.

बाबूबद्दल थोडंच. त्याच्याऐवजी ती उत्तरं देत असेल तर हसून म्हणा, "त्याला सांगू दे", आणि दहापर्यंत मनात मोजा. घर बदलल्यावर तो अधूनमधून गादी ओली करत असेल तर या वयात त्याची चिंता नको, ओरडणं तर मुळीच नको. पण शाळा सुरू होऊन दोन महिने झाले तरी मुलगी रोज सकाळी पोट दुखतं म्हणत असेल, वर्गात कुणाशीच बोलत नसेल, रात्री उठणं थांबत नसेल किंवा जेवण कमी झालं असेल, तर घरच्या घरी थांबू नका. आधी मुलांच्या डॉक्टरांना दाखवा, मग समुपदेशकाकडे या. तेव्हा दोघांना एकत्र आणा आणि मग वेगवेगळंही भेटू द्या.

तान्हा पोळा, म्हणजे मुलांचा लाकडी बैलांचा पोळा, आता फार लांब नाही. वाड्यात असताना पाचही पोरं बैल घेऊन एकत्र निघत असतील आणि ओळीने घरोघरी जात असतील. या वर्षी ती दोघंच आहेत आणि दारं अनोळखी आहेत, म्हणून टाळावंसं वाटेल. टाळू नका. सोसायटीत आधी चार घरांना सांगून ठेवा, मुलं येतील म्हणून. घरात लाकडी बैल एकच असेल तर दुसरा आणा, लहानसा चालेल, पण चाकं पक्की बघून घ्या. एका बैलाला दोन मुलं लावली की ती ओढेल आणि तो मागे चालेल. दोघांचे दोर वेगळे असू द्या, सजवायचं सामानही वेगळं. तुम्ही चार पावलं मागे चाला. बाबूचा बैल कुणाच्या तरी उंबऱ्यावर उलटणारच. ती उचलायला वाकेल, त्याच्या आत तिला नावाने हाक मारून सांगा, "राहू दे, तो उचलेल." त्याला दोन मिनिटं लागतील. हातात बोजाऱ्याचा खाऊ-पैसे घेऊन उभ्या असलेल्या काकू तेवढं थांबतील.